एकाच गल्लीत चार पुनर्विकास: पार्किंग आणि रहदारीचा एकत्र विचार कुठे होतो?

मृण्मयी_कोथरूड

पुण्यातल्या बांधकाम परवानग्यांची माहिती असणाऱ्यांकडून मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की "हे सगळीकडेच आहे" एवढंच उत्तर मिळतं.

आमची गल्ली कोथरूडमध्ये, डहाणूकर कॉलनीच्या अंगाला. कागदावर रुंदी ९ मीटर. प्रत्यक्षात एका कडेला मोटारी, दुसऱ्या कडेला दुचाकी लागल्या की मधून एक रिक्षा जाईल एवढीच वाट उरते. तोंडाशी शाळा आहे. सकाळी सातला आणि दुपारी साडेबाराला व्हॅन उभ्या असतात तेव्हा तेवढीही उरत नाही. दोन्ही बाजूंच्या सोसायट्या १९८०-८५ च्या, तळमजला अधिक तीन मजले. यांतल्या चार एकाच वेळी पुनर्विकासाला निघाल्या आहेत. एक पाडून तिथे खोदाई चालू आहे, दुसरीतले लोक भाड्याच्या घरांत गेले, उरलेल्या दोघींच्या बिल्डरशी वाटाघाटी चालू आहेत. चारही इमारतींत मिळून आज ५४ घरं आहेत. बोर्डावरचे आणि सभांमध्ये वाटलेले आकडे धरले तर उद्या १५६ होतील.

गेल्या महिन्यात समोरच्या आजोबांना रात्री धाप लागली. खोदाईच्या प्लॉटवर काँक्रीटचं काम चालू होतं, मिक्सर गल्लीत आडवा आणि त्याच्या मागे दुसरा थांबलेला. पंपाचा पाइप रस्त्यावरून गेलेला. रुग्णवाहिका शाळेच्या कोपऱ्यावरच अडकली. मिक्सरच्या ड्रायव्हरने मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण मागचा हलल्याशिवाय पुढचा हलणार कसा? शेवटी वॉचमन आणि आमच्या बिल्डिंगमधल्या दोन मुलांनी आजोबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून नेलं. आजी मागून फाइल आणि औषधांची पिशवी घेऊन चालत होत्या. आजोबा आता बरे आहेत. पण अजून तीन इमारती उभ्या राहायच्या आहेत आणि त्यानंतर तिथे शंभरावर जास्तीची कुटुंबं राहायला येणार आहेत, हे डोक्यातून जात नाही.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही. आमची इमारतही पाच-सात वर्षांत त्याच वाटेने जाईल. मला एवढंच कळून घ्यायचं आहे, की प्रत्येक नकाशा नियमात बसतो हे मान्य केलं तरी चार नकाशे मिळून या गल्लीचं काय होणार हे कोणी बघतं का? रहिवाशांनी हरकत नोंदवायची काही पायरी असते का? आणि आता, निम्मं काम सुरू झाल्यावर, आमच्या हातात नेमकं काय आहे?

नकाशेवाला

ताई, मी आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे, पुणे महापालिकेत नकाशे दाखल करण्याचंच काम करतो. तुमच्या मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: एका इमारतीच्या परवानगीवर शेजाऱ्यांच्या हरकती मागवायची तरतूद आपल्याकडे नाही. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राचा नगररचना कायदा, १९६६ चा. त्याच्या कलम ४४ खाली मालक अर्ज करतो आणि ४५ खाली परवानगी मिळते, तो मामला अर्जदार आणि महापालिका यांच्यातला. जनतेच्या हरकती-सूचना घेतात त्या विकास आराखडा करताना, म्हणजे कलम २६ ला, किंवा आराखड्यात-नियमावलीत फेरबदल करताना, कलम ३७ ला. म्हणजे तुमच्या गल्लीत किती माणसं मावतील याचा निर्णय २ डिसेंबर २०२० ला युडीसीपीआर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) मंजूर झाली तेव्हाच होऊन गेला. आता येतो तो त्याचा अंमल.

हा निर्णय रस्त्याच्या रुंदीवर होतो. पुण्यात ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१ एफएसआयच्या (म्हणजे प्लॉटच्या १.१ पट बांधकामाच्या) वर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) मिळत नाही. ९ मीटर झाला की प्रीमियमचा ०.५ आणि टीडीआरचा ०.४ धरून २ पर्यंत जातो. त्यावर निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत ॲन्सिलरी (जोडीचा) एफएसआय प्रीमियम भरून मिळतो, म्हणजे ३.२. समजा १००० चौरस मीटरचा प्लॉट आहे, तर ३२०० चौरस मीटर झाले, पार्किंगचे मजले वेगळे. २०२० मध्ये इथल्या स्थायी समितीने ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करायचा ठराव का केला होता, ते या गणितावरून लक्षात येईल. त्यात जमीन प्लॉटच्या पुढच्या भागातून घ्यायची, म्हणजे जी इमारत पडेल तिच्यापुढे रस्ता रुंद होणार आणि शेजारची जुनी तशीच उभी राहणार. एफएसआय लगेच मिळतो, सलग रुंद रस्ता मिळायला मात्र शेवटच्या इमारतीची वाट बघावी लागते. तुमची गल्ली आधीपासून ९ मीटरची असेल तर उत्तम, पण एकदा टेप लावून मोजून घ्या.

आता एकत्र विचाराचं. इमारतीच्या वाहतुकीचा अभ्यास सरकार मागतं तो पर्यावरण मंजुरीत. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर बांधकामाच्या वरचा प्रकल्प तिथे जातो. त्याची कागदपत्रं पर्यावरण मंजुरीच्या सरकारी परिवेश पोर्टलवर बघता येतात, मात्र बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणी त्यातही नाही. तुमच्या चारींपैकी एकेक पार्किंग धरून चार-पाच हजार चौरस मीटरची असणार. अशा पाच एका रांगेत आल्या तर बेरीज २०,००० च्या वर जाते, पण अर्ज पाच वेगळे, मालक वेगळे, वर्षं वेगळी. बेरीज करणारं टेबलच नाही. गेली कित्येक वर्षं हे बघतोय आणि माझं स्पष्ट मत आहे, की निदान एका रस्त्यावर दोन वर्षांत तीनपेक्षा जास्त परवानग्या गेल्या तर त्या रस्त्याचा अभ्यास महापालिकेने स्वतः करावा. हा बदल कलम ३७ मधूनच येऊ शकतो.

तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. ज्या दोन सोसायट्यांचा विकसन करारनामा अजून व्हायचा आहे, तिथे सगळ्यात जास्त वाव आहे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्के सभासदांच्या संमतीने पुनर्विकास ठरतो. ते सभासद तुमचेच शेजारी आहेत. फाटक कुठे, रॅम्प कुठे, पाहुण्यांच्या गाड्या कुठे, मालाचे ट्रक कुठे उभे राहणार, हे करारात लिहून घ्या. नकाशा दाखल झाल्यावर बिल्डर ऐकत नाही, कारण त्याला सुधारित नकाशाचा खर्च येतो. आणि फाटकं नीट बघा. प्रत्येक नवीन इमारत आत-बाहेर अशी दोन फाटकं ठेवते. एकेक ६ मीटरचं. चार इमारतींची आठ फाटकं म्हणजे ४८ मीटर कड गेली, आज तिथे उभ्या राहणाऱ्या नऊ-दहा मोटारी दुसरीकडे जाणार. हा आकडा पार्किंगच्या कुठल्याही तक्त्यात येत नाही.

मंजूर नकाशे बघायला मिळतात. न मिळाले तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करा, त्यात "पार्किंग स्टेटमेंटसह मंजूर नकाशा" असं स्पष्ट लिहा.

पार्लेकर_सुहास

नकाशेवाल्यांनी पार्किंगचे मजले म्हटलं, त्यावर थोडं लिहितो. आम्ही पार्ले पूर्वेला पुनर्विकास होऊन नवीन घरात आलो. आमच्याकडे विमानतळामुळे उंचीवर बंधन, त्यामुळे पार्किंगला मजले देण्यापेक्षा यांत्रिक पार्किंग दिलं. कागदावर प्रत्येकाला जागा. प्रत्यक्षात मोटार खाली नेण्या-आणण्याला एकच लिफ्ट. गाडी आत घालायची, उतरायचं, बटण, खाली जाऊन पुन्हा बाहेर काढायची. एका गाडीला तीन-चार मिनिटं जातात. सकाळी साडेआठला सात जणांना निघायचं असतं आणि त्याच वेळी एखादा बाहेरून येतो. आत थांबायला जागाच ठेवलेली नाही, म्हणून येणारा रस्त्यावर थांबतो. त्याच्यामागे बस.

दोन गाड्या एकावर एक लावायच्या स्टॅकमध्ये वरची काढायची तर खालची हलवावी लागते. दोन्ही एकाच घरातल्या असतील तर चालतं. वेगवेगळ्या घरांना दिल्या की रात्री अकराला शेजाऱ्याची बेल वाजवावी लागते, मग लोक कंटाळून गाडी गल्लीतच लावतात. उंच एसयूव्ही तर पॅलेटवर, म्हणजे गाडी उभी करायच्या पाटावर, बसतच नाहीत. देखभालीचा वार्षिक करार महाग पडतो म्हणून आमच्या शेजारच्या सोसायटीने दोन पॅलेट बंदच ठेवलेत.

म्हणून मृण्मयीताई, नकाशात "३८ मोटारी" दिसलं तर लगेच पुढचं विचारा: यातल्या किती स्वतंत्रपणे बाहेर निघू शकतात? लिफ्ट किती? लिफ्टसमोर प्लॉटच्या आत निदान दोन गाड्या थांबायला जागा आहे का? आमच्या वेळी सभेत कार्पेट एरिया आणि कॉर्पस फंडावर तासन्‌तास बोलणं झालं. यातला एकही प्रश्न कोणी विचारला नाही.

सचिव_जुनी_सोसायटी

दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

आमची सोसायटी कर्वेनगरला, १९८२ ची. लिफ्ट नाही. माझी आई ८४ वर्षांची, तिसऱ्या मजल्यावर. ती गेली तीन वर्षं दवाखान्याशिवाय खाली उतरलेली नाही. स्लॅबचं पोपडं पडून एकाच्या स्वयंपाकघरात सळया दिसायला लागल्या. आमच्यासारख्यांना पुनर्विकासाखेरीज उपाय नाही आणि दुरुस्तीचा खर्च पेन्शनवर झेपत नाही. "गल्लीत गर्दी होईल" म्हणून शेजारच्या बंगलेवाल्यांनी आमच्याविरुद्ध पत्रं दिली, तेव्हा फार वाईट वाटलं. त्यांच्या तीन गाड्या रस्त्यावर उभ्या असतात, ते कोणी मोजत नाही.

तुम्ही विरोध करत नाही असं लिहिलंत म्हणून मोकळेपणाने सांगतो. काम चालू असतानाच्या त्रासावर उपाय आहे आणि तो आम्ही केला. आमच्या रस्त्यावर तीन साइट होत्या. तिन्ही कॉन्ट्रॅक्टरचे साइट इंजिनिअर आणि तिन्ही सोसायट्यांचे सचिव यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला. स्लॅब कधी आहे ते आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत टाकायचं, एका दिवशी एकाच साइटचा स्लॅब, गल्लीत एका वेळी एकच मिक्सर. दुसरा मुख्य रस्त्यावर थांबेल आणि तिथे त्यांचा माणूस झेंडा घेऊन उभा राहील. शाळा सुटण्या-भरण्याच्या वेळेत मिक्सर बंद. पहिले काही आठवडे कुरकुर झाली, मग बसलं. तुमच्याकडच्या त्या रात्रीसारखा प्रसंग आमच्याकडे नंतर आला नाही. यासाठी कुठल्याही कार्यालयाची परवानगी लागत नाही.

वैदेही_एडिसन

मी न्यू जर्सीत असते, माहेर सदाशिव पेठेतलं. नकाशेवाल्यांनी लिहिलेली हरकतीची पायरी इकडे आहे, ती कशी चालते ते सांगते, म्हणजे काय मागायचं याचा अंदाज येईल.

अर्जदाराच्या जागेपासून २०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे त्या सगळ्यांना सुनावणीच्या निदान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. नकाशे आणि अहवालही १० दिवस आधी नगरपालिकेच्या कार्यालयात कोणालाही बघायला ठेवतात. सुनावणी संध्याकाळी, नोकरी करणाऱ्यांना जाता येईल अशी. बिल्डरचा वाहतूक अभियंता शपथेवर साक्ष देतो आणि आलेला कोणीही शेजारी त्याला प्रश्न विचारू शकतो. आमच्या घराजवळ अपार्टमेंटचा प्रकल्प आला तेव्हा एका गुजराती काकूंनी विचारलं, "तुम्ही गाड्या मोजल्या त्या दिवशी शाळा चालू होती का?" अभियंत्याला फाइल उघडून तारीख बघावी लागली. तो दिवस सुट्टीत होता, आणि सुनावणी घेणाऱ्या स्थानिक नियोजन बोर्डाने पुन्हा मोजणी करायला सांगितली.

पण यावर फार भिस्त ठेवता येत नाही. जो वापर त्या जागेच्या झोनिंगमध्ये (त्या भागाला ठरवून दिलेल्या वापरात) बसतो त्याला निव्वळ बाहेरच्या रस्त्यावर गर्दी होईल म्हणून बोर्ड नकार देऊ शकत नाही, हे इथल्या न्यायालयांनी ठरवलेलं आहे. घरांमागे किती पार्किंग हेही गाव ठरवत नाही, राज्याची एकच नियमावली आहे. म्हणजे सुनावणीत प्रकल्प बहुधा थांबत नाही. बदलतं ते फाटकाचं ठिकाण, कचऱ्याच्या गाडीची वाट, उजवीकडेच वळायची सक्ती, असं. तेवढं झालं तरी रोज जाणाऱ्या-येणाऱ्याला फरक पडतो. शिवाय सगळं लेखी नोंदलं जातं, पुढच्या प्रकल्पाला ते दाखवता येतं.

सायकलवाली

सगळे जास्त पार्किंग मागताहेत म्हणून लिहिते. आणखी दोन मजले पार्किंग दिलं तर आणखी गाड्या घेतल्या जातील, आणि त्या सकाळी निघणार त्याच ९ मीटरमधून. वनाज-गरवारे मेट्रो मार्च २०२२ पासून चालू आहे, स्थानकांपासून ५०० मीटरच्या आत ४ पर्यंत एफएसआय दिला जातो, तरी डहाणूकर कॉलनीतून आनंदनगर स्थानकापर्यंत चालत जायचं म्हटलं तर पदपथावर गाड्या चढवलेल्या असतात. माझी मागणी साधी आहे: रस्त्यावरचं पार्किंग फुकट नको आणि एक कड पूर्ण मोकळी हवी. ती मिळाली तर तुमची रुग्णवाहिकाही आत येईल.

मृण्मयी_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. सचिवकाका, तुमच्या आईंबद्दल वाचून गलबलून आलं. आमच्याही गल्लीत अशा आज्या आहेत, आणि चारपैकी दोन सोसायट्या त्यांच्यासाठीच घाईत आहेत हे मला माहीत आहे.

वाचल्यावर आम्ही सात-आठ जण कामाला लागलो. रस्ता मोजला. तोंडाशी ८.८ मीटर, मधे एका जुन्या कुंपणापाशी ८.१. रात्री साडेअकराला रस्त्यावर ४३ मोटारी आणि शंभरावर दुचाकी होत्या. गाड्यांचे नंबर न लिहिता फक्त कोणत्या फाटकासमोर किती ते एका कागदावर मांडलं. आठ नव्या फाटकांच्या जागा त्यावर लाल पेनाने खुणावल्या तेव्हा, खरं सांगते, सगळे गप्प झाले. यातल्या ११ मोटारींना उभं राहायला जागाच उरत नाही.

तिसऱ्या सोसायटीच्या अध्यक्षांनी आम्हाला त्यांच्या विशेष सभेत दहा मिनिटं बोलू दिलं. आम्ही तीनच गोष्टी मागितल्या: दोनऐवजी एकच रुंद फाटक, तेही शाळेपासून लांबच्या बाजूला, पाहुण्यांचं पार्किंग फाटकाच्या आत पण सिक्युरिटी केबिनच्या अलीकडे, म्हणजे पाहुणा आणि डिलिव्हरीवाला रस्त्यावर थांबणार नाही, आणि स्टॅकच्या दोन्ही जागा एकाच घराला. सभासदांना शेवटची मागणी सगळ्यात जास्त पटली, कारण ती त्यांच्याच सोयीची आहे. करारनाम्याच्या मसुद्यात घालायचं कबूल झालंय. चौथीचे लोक अजून भेटायला तयार नाहीत.

पहिल्या दोन साइटच्या इंजिनिअरांचा ग्रुप झाला. एक जण उत्तर देतो, एक जण देत नाही. सायकलवाली, एक कड मोकळी ठेवण्याचं तुमचं म्हणणं मला पटलं, पण त्यावर आमच्यातच भांडणं आहेत. ती कोणाकडे मागायची?

नकाशेवाला

एक कड मोकळी करायची तर ते काम वाहतूक पोलिसांचं. मोटार वाहन कायद्याच्या ११५, ११६, ११७ या कलमांखाली वाहतूक शाखेचे उपायुक्त नो-पार्किंग किंवा सम-विषम तारखेचं पी-१, पी-२ (एक दिवस एका कडेला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कडेला पार्किंग) लावतात. आधी तात्पुरता आदेश निघतो, वर्तमानपत्रात येतो, आणि नागरिकांच्या लेखी सूचना-हरकती मागवतात. सगळ्या प्रक्रियेत तुम्हाला रीतसर बोलता येईल अशी ही एकच जागा आहे, ती सोडू नका. अर्ज येरवड्याच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. सोबत तुमचा तो लाल खुणांचा कागद, रुंदीची मापं आणि शाळेचं पत्र लावा. शाळेच्या लेटरहेडचा उपयोग होतो. भांडणं असतील तर पूर्ण नो-पार्किंगऐवजी आधी सम-विषम मागा, त्याला सह्या लवकर मिळतात.

८.१ मीटरचं माप लेखी कळवा. महापालिकेच्या पथ विभागाला आणि बांधकाम विभागाला दोन वेगळी पत्रं द्या, एकाची प्रत दुसऱ्याला. एफएसआय ९ मीटर धरून दिलेला असेल तर तो रस्ता ९ मीटर प्रत्यक्षात आहे का, की जुन्या मंजूर लेआउटवर आहे, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. कुंपण पुढे सरकलेलं असू शकतं. तसं निघालं तर ते मागे घेणं हे सगळ्यात स्वस्त रुंदीकरण.

चौथ्या सोसायटीतले नवीन घर घेणारे कोणी ओळखीचे असतील तर त्यांना सांगा, की एप्रिल २०२४ पासून महारेराने (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाने) पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा ॲलॉटमेंट लेटरला आणि करारनाम्याला जोडायला लावली आहे. मोटारीची जागा नियमात २.५ बाय ५ मीटर आहे. ती खांबाच्या आतल्या बाजूपासून मोजायची, नकाशातल्या मध्यरेषेपासून नाही.

पहिल्या साइटचं जोतं अजून व्हायचं असेल तर घाई करा. जोते तपासणीनंतर रॅम्प हलत नाही. त्याआधी आर्किटेक्टला भेटून फाटक सरकवता येतं का ते विचारा. मी तो नकाशा बघून देईन, फक्त पार्किंगचं पान व्यक्तिगत निरोपातून पाठवा, सभासदांची नावं झाकून.